भात, तांदूळ आणि परत भात

ईरा आणि नील,

मे महिन्यात तुम्ही इथे होतात तेव्हा नीलने माझ्या स्वयंपाकघरातले डबे मोजले होते. एकोणतीस निघाले. अठ्ठावीस डब्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर माझ्या अक्षरात नावं आहेत, एकाची पट्टी कोरी. "आजी, हा एक राहिला," तो म्हणाला. मी म्हटलं, राहिला नाही, तसाच ठेवलाय. पुढे सांगणार तेवढ्यात टॅक्सी आली आणि सामान, पासपोर्ट, पाण्याच्या बाटल्या यांत ते सुटलं. अर्धवट सुटलेली गोष्ट माझ्या डोक्यात टोचत राहते हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आता लिहून काढते.

तो डबा सुजाताचा आहे.

ईरा, तू चार वर्षांची असताना एक बाई आपल्या अंगणात बोलता बोलता तुळशीभोवती फिरत होत्या आणि तू त्यांच्यामागे फिरत होतीस. शेजारच्या काकूंना वाटलं, काहीतरी व्रत असेल. व्रत कसलं? सुजाताच्या घरी तुळस नाही की व्रत नाही. तिला बसून विचार करता येत नसे, एवढंच. पाय चालले की डोकं चालायचं. खुर्ची दिली की ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची, आणि चहा दिला की कप हातात घेऊन खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या. माझ्या घरातल्या तीन बशा तिच्या हातून गेल्या. चपलेचा अंगठा तर वर्षातून तीनदा तुटायचा.

ती शेणवे गावची. तुमचे आजोबा भातसा धरणावर होते तेव्हापासून तो रस्ता माझ्या पायाखालचा. मी इथे शहापुरात तेवीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, त्यानंतर ती माझ्याकडे यायला लागली. मुरबाडच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवायची. तासिका तत्त्व म्हणजे तासाला जेवढे पैसे ठरले तेवढे. जूनमध्ये नेमणूक आणि एप्रिलमध्ये निरोप. सकाळी शेणव्याहून शहापूर, शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाड, संध्याकाळी तेच उलट. कायमची जागा निघणार अशी सात वर्षं नुसती बातमी होती. निघाली की डॉक्टरेट लागणार हे नक्की होतं. आणि सुजाताचा प्रबंध सात वर्षं पूर्ण होत नव्हता. दोनदा मुदत वाढवून झाली होती. येत्या मार्चअखेर दिला नाही तर नोंदणी रद्द.

हे सगळं तिने मला पहिल्याच दिवशी उभ्याउभ्या सांगितलं. मग म्हणाली, "मॅडम, माझं इंग्रजी चुकीचं नाही, पण ते चालताना लंगडतं. तुम्ही बघाल का?"

मी हो म्हटलं आणि पाणी आणायला आत गेले. ती मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि फळीसमोर उभी राहून डब्यांवरची नावं मोठ्याने वाचू लागली. तूरडाळ. मूगडाळ. साबुदाणा. वाचता वाचता साबुदाण्याचा डबा तिने हलवला. रिकामा होता.

"यात साबुदाणा नाही."

"संपलाय. आणायचाय."

"मग हे नाव कुणाचं? डब्याचं, का जो अजून आलाच नाही त्या साबुदाण्याचं?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "हे नाव माझ्या सोयीचं आहे."

ती एकदम वळली. असा आनंद तिच्या चेहऱ्यावर, की जणू मी तिला बक्षीस दिलं. "माझा इंग्रज अगदी हेच म्हणतो," ती म्हणाली.

तिचा इंग्रज म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक विचारवंत. प्रबंध त्याच्यावर होता, आणि त्याला उत्तर देणाऱ्या एका जर्मनावर. मला समजलं तेवढं तुम्हाला सांगते. इंग्रजाचं म्हणणं असं, की जगातल्या वस्तूंना आपण नावं देतो तेव्हा आपण आपल्याच सोयीने कप्पे करत असतो. वस्तूच्या आत खरोखर काय आहे ते आपल्याला दिसत नाही, म्हणून वरवरच्या खुणा बघून आपण चिठ्ठी लावतो. जर्मन म्हणतो, असं कसं, कप्पे निसर्गातच आहेत, आपण ते फक्त शोधतो, कधी बरोबर, कधी चूक. त्याने इंग्रजाला ओळीओळीने उत्तर लिहिलं. पण ते लिहून होईपर्यंत इंग्रज मरून गेला.

या शेवटच्या वाक्यापाशी सुजाता नेहमी थांबायची. "उत्तर तयार आणि विचारणारा गेला, मॅडम." मग पुन्हा फेऱ्या.

तिचं एक वाक्य ठरलेलं होतं: "थांबा, असं नाही म्हणता येणार." विद्यार्थ्यांना, प्राचार्यांना, भाजीवाल्यालाही. मी एकदा तिच्या कॉलेजात भाषणाला निघाले होते, तेव्हा एसटीत आम्ही शेजारी होतो. मी सुटे पैसे पुढे करून म्हटलं, "मुरबाड दोन."

कंडक्टर म्हणाला, "नाका का स्टँड? स्टेज येगळा पडतो."

सुजाता म्हणाली, "थांबा. म्हणजे नाक्यावर मुरबाड नसतं का?"

"असतंय की."

"मग स्टँडवर दुसरं मुरबाड असतं?"

कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मुरबाड एकच हाय. तिकिटं दोन हायत."

तिने पिशवीतून कागद काढला. जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं फाडून केलेले चतकोर तिच्याकडे कायम असत. त्यावर तिने ते वाक्य लिहून घेतलं. कंडक्टरचा चेहरा उतरला. पुढे जाऊन तो ड्रायव्हरला म्हणाला, "लिवून घेतलं रे तिनं. आता माजी तक्रार जातेय बग." किन्हवली येईपर्यंत सुजाता त्याला समजावत होती की तक्रार नाही, उलट तुमचं वाक्य माझ्या गाईडनाही सुचलं नसतं. त्याने विश्वास ठेवला नाही. त्या दिवशी त्याने आम्हाला स्टँडच्या तिकिटात नाक्याच्याही पुढे, कॉलेजच्या फाटकाशी उतरवलं.

दिवाळीनंतर तिने मला शेणव्याला जेवायला नेलं. कापणी झाली होती, अंगणात झोडणी चालू होती. तिची आई, ताराबाई, डोक्याला फडकं बांधून पेंढ्या आपटत होती. मला पाहून थांबली नाही. "या बाई, बसा. हिला सांगू नका बसायला, ती नाय बसायची. ही पोटात व्हती तवापासून चालतेय."

जेवायला वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी आणि नव्या हंगामाचा भात. ताराबाई वाढता वाढता म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. मला एक सांगा. हिचे ते दोगं म्हातारे अजून भांडतायत का?"

"अगं आई, ते मरून तीनशे वर्षं झाली."

"मंग भांडण मिटलं?"

"नाही मिटलं."

"मेले तरी नाय मिटलं, मंग तू कशाला मदी पडतेस गो? भावकीच्या भांडणात मदी पडून कुणाचं बरं झालंय?"

सुजाता हसली. हातात ताट घेऊन ती दाराशी उभी होती आणि बाहेर कणगीकडे बघत होती. कणगी म्हणजे शेणाने सारवलेली ती मोठी बांबूची टोपली, भात साठवायची. नील, फोटोत बघून तू तिला ड्रम म्हणाला होतास. ती म्हणाली, "आई, त्या कणगीत काय आहे?"

"भात."

"आणि मॅडमच्या ताटात?"

"भात. मंग काय दगड वाडलेत?"

"आणि भाकरी कशाची?"

"तांदळाची."

"भाताची का नाही?"

"भाताची भाकरी खाऊन बग, दात पडतील." ताराबाईने माझ्या ताटात आणखी एक डाव भात वाढला. "शेतात भात. कणगीत भात. गिरणीवर न्यायचा तवापण भात. गिरणीतून आला का तांदूळ. चुलीवर ठिवला का परत भात. मदी थोडा येळ तांदूळ असतो, बास. यात काय शिकायचंय?"

मी खूप हसले. सुजाता हसली नाही. तिने ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि पिशवी शोधायला आत गेली. ताराबाई म्हणाली, "गेली. आता ते निवणार, आनि मांजर खाणार." मांजराने खाल्लं.

तोवर तिच्या चौथ्या प्रकरणाला वाट सापडत नव्हती. तिथे मोठा प्रश्न होता: एखादी वस्तू बदलत जाते तेव्हा ती तीच राहते का, आणि हे ठरवतं कोण, वस्तू की नाव? इंग्रजाची आणि जर्मनाची उदाहरणं तिने दहा वेळा लिहिली होती. बरोबर होती आणि निर्जीव होती. शेणव्याहून परतल्यावर तिने ते प्रकरण तीन आठवड्यांत पुन्हा लिहिलं. या वेळी भातावर. वस्तू बदलत गेली, नाव बदललं, आणि मग पहिलं नाव परत आलं. वस्तू तर परत आली नव्हती. शिजलेला भात पेरून उगवत नाही. मग परत आलं ते काय? आणि मधल्या वेळचं जे नाव, ते खरं होतं की तेवढ्यापुरतं? सतराव्या शतकातल्या दोन्ही म्हाताऱ्यांना हा प्रश्न विचारला तर दोघंही अडखळतात, असं तिचं म्हणणं.

आता माझी चूक सांगते. ती मीच केली, दुसऱ्या कुणाच्या हातून झालीही नसती.

प्रकरण माझ्याकडे फेब्रुवारीअखेर आलं. मी दुरुस्त्या पेन्सिलीने करते, प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक देते, आणि मूळ प्रत फाईलला लावते. शिकवायला लागल्यापासून हीच पद्धत. सुजाताने इंग्रजीत लिहिताना शेतातल्या पिकाला 'भात' लिहिलं होतं, पोत्यातल्या धान्यालाही 'भात' आणि ताटातल्या शिजलेल्यालाही 'भात', तिरप्या अक्षरात. शेणव्याचं जेवण मी जेवले होते. ताराबाईचं बोलणं ऐकून हसले होते. पण पेन्सिल हातात आली की मी फक्त इंग्रजी बघते. मला वाटलं, या मुलीला शब्द आठवत नाहीत आणि ती घाईत मराठी टाकून पुढे जाते. मी उभ्या पिकाला पॅडी केलं, पोत्यातल्याला राइस, शिजलेल्याला कुक्ड राइस. एक वाक्य होतं, 'तो पुन्हा भात होतो' अशा अर्थाचं. इंग्रजीत पॅडी पुन्हा कुक्ड राइस कशी होईल? आधी ती कधी कुक्ड राइस नव्हतीच. तेव्हा मी त्यातला 'अगेन' काढून टाकला. अनावश्यक शब्द. बाजूला क्रमांक लिहिला: तेवीस.

एकूण एकेचाळीस दुरुस्त्या. तिच्या कॉलेजात परीक्षा सुरू होत्या, तिला रोज सुपरव्हिजन. फोनवर म्हणाली, "मॅडम, तुम्हीच टाइप करून गाईडना पाठवा, माझ्याकडे वेळ नाही." मी स्टँडजवळच्या मुलीकडून टाइप करून घेतलं आणि पाठवलं. चोख काम झालं म्हणून त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते.

तीन दिवसांनी, शनिवारी सकाळी, ती आली. चपला काढायला वेळ लागला, अंगठा तुटलेला होता. पहिल्यांदाच ती खुर्चीवर बसली. 

"गाईडचा फोन आला होता. म्हणाले, प्रकरण आता स्वच्छ झालं. मंगळवारी असंच सादर कर."

"मग चांगलंच झालं की."

"मॅडम, माझा 'अगेन' कुठे गेला?"

मला आधी समजलं नाही. तिने कागद माझ्यासमोर ठेवले. मी वाचलं. पॅडी, राइस, कुक्ड राइस. तीन वस्तू, तीन नावं, प्रत्येक आपापल्या जागी, माझ्या डब्यांसारखी. परत काहीच येत नव्हतं. कुणाला प्रश्न पडावा असं त्या पानांत काही उरलंच नव्हतं. गाईडना ते स्वच्छ वाटलं, कारण ते खरोखरच स्वच्छ झालं होतं.

"तू हे आधी का नाही सांगितलंस, की मुद्दाम आहे?"

"लिहिलं होतं की. तळटीप होती. तुम्ही तिला 'पुनरुक्ती' म्हणून काढलं."

दुरुस्ती क्रमांक सहा. मला आठवली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "गाईड म्हणतात, आता हात लावू नकोस. परीक्षकाला इंग्रजी प्रबंधात चाळीस ठिकाणी मराठी शब्द आवडणार नाहीत, परत पाठवला तर वर्ष जाईल. आणि मॅडम, जूनमध्ये जागा निघतेय. या वेळी खरी. काल प्राचार्यांनी कागद दाखवला."

असंच दिलं तर गाईड जूनआधी अहवाल मागवून घेणार, म्हणजे डिग्री आणि जागा. बदललं तर दोन्ही टांगणीला. मी म्हटलं, "मग असंच दे. पुढे पुस्तक करशील तेव्हा हवं ते लिही." हे मी मनापासून म्हटलं. मला वाटतं, तुमच्या आजोबांनीही हेच सांगितलं असतं.

ती उठली आणि फेऱ्या सुरू झाल्या. खिडकी, दार, खिडकी. मग म्हणाली, "तुमच्याकडे पेन्सिलची प्रत आहे ना? क्रमांक घातलेली?"

माझ्याकडे सगळंच असतं. फाईल काढली. ती लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी उभी राहिली, मी समोर बसले आणि एकेक क्रमांक वाचू लागले. मी म्हणायचे, "एक. पॅडी." ती टाइप करायची आणि म्हणायची, "भात." "दोन. राइस." "बघू. हं, भात." असं मी माझंच काम एकेक करून उसवत होते. मध्ये ताराबाईचा फोन आला, स्पीकरवर.

"झाला का गो तुजा भात?"

"शिजतोय."

"बाईंनी करपवला म्हणं."

"आई, त्या इथेच आहेत, ऐकतायत."

"ऐकूदे. बाई, करपला तर वरचा वरचा काडून घ्या. खालचा खरवडू नका, सगळ्याला वास लागतो."

मी म्हटलं, "तेच चाललंय, ताराबाई."

तेविसाव्या दुरुस्तीपाशी मी अडले. मी म्हटलं, "हे बघ, बाकी सगळं कबूल. पण इथे 'पुन्हा' इंग्रजी माणसाला कळणारच नाही. हा एक शब्द सोड. परीक्षक नेमका इथेच बोट ठेवेल."

ती टाइप करायची थांबली. तिने मग मला तिच्या आज्याचं सांगितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

तिच्या आज्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नंतर तो मुलाचं, म्हणजे सुजाताच्या वडिलांचं नाव शाळेत घालायला गेला. गुरुजींनी न विचारताच जातीच्या रकान्यात जुनं नाव लिहिलं. आज्याने सांगितलं, ते खोडा, आता आमी ते नाय. गुरुजी हसून म्हणाले, नाव बदललं म्हणून काय माणूस बदलतो काय रे? आजा म्हणाला, "माणूस नाय बदलला, गुरुजी. आमी आदी माणूस व्हतो, आतापण परत माणूसच. मदी तुमी लोकांनी दुसरं नाव ठिवलेलं, तेवडं काडा."

"गुरुजींनी खोडलं?" मी विचारलं.

"तीन दिवस खोडलं नाही. आजा तीन दिवस शाळेच्या पायरीवर उभा राहिला. बसला नाही, उभा राहिला. चौथ्या दिवशी खोडलं." मग म्हणाली, "हे प्रबंधात नाही. लिहिणारही नाही. गाईड विचारतील, सतराव्या शतकात तुझा आजा कुठून आला. पण मॅडम, तो 'परत' माझा नाही. मी तो कसा सोडू?"

आमच्या घराण्यात कुणाला आपलं नाव खोडून घ्यायला पायरीवर उभं राहावं लागलं नव्हतं. मला नावं म्हणजे पट्टीवर लिहायची सोय वाटत होती ती त्यामुळेच, हे मला त्या टेबलाशी कळलं. मी फाईल पुन्हा जवळ ओढली. म्हटलं, "तेवीस. अगेन." आणि तिने तो लिहिला.

दुपारी साडेतीनला एकेचाळीस पूर्ण झाले. मंगळवारी तिने प्रबंध दिला. गाईड म्हणाले, जबाबदारी तुझी.

जूनमध्ये जागा निघाली आणि भरली गेली. ज्याला मिळाली त्याच्याकडे डिग्री होती, सुजाताकडे प्रबंध दिल्याची पावती. जागा भरल्यामुळे तिच्या तासिकाही गेल्या. वर्षभर ती शेणव्याला होती. तो काळ मला आठवला की अजून अस्वस्थ व्हायला होतं. ती शेणव्याहून चालत शहापूरला यायची, माझ्याकडे पाणी पिऊन चालत परत. कधी म्हणायची, "तुमचंच बरोबर होतं." दहा पावलं गेली की वळून, "थांबा, असं नाही म्हणता येणार." ताराबाई मला फोनवर म्हणाली, "ही घरात असली का कोंबड्यापण अंड्यावर बसत नायत, बाई. कुटंतरी लावून द्या हिला."

मी दोन-तीन ठिकाणी पत्रं लिहिली. उत्तरं आली नाहीत. माझी चूक नसती, तळटीप मी काढली नसती, ती तीन दिवस आधी प्रबंध देऊन शांतपणे बसली असती, तर काही वेगळं झालं असतं का? हिशेब लागत नाही. मी मांडून पाहिलाय.

परीक्षकांचे अहवाल पुढच्या पावसाळ्यात आले. एकाने काहीच हरकत घेतली नाही. दुसऱ्याने एक अट घातली: परकीय शब्दांची अर्थासह सूची शेवटी जोडावी, मग पदवी द्यायला हरकत नाही. सुजाता ते पत्र घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मला भीती वाटली की ही आता यावरही अडेल. ती अडली नाही. तिने सूची जोडली. सबंध पानावर एकच नोंद. तिने लिहिलेलं इंग्रजी मी तपासलं, त्यात एकही दुरुस्ती नव्हती. मराठीत सांगायचं तर ते असं होतं: 'भात: जो शेतात असतो, कणगीत असतो आणि ताटात असतो, तो. मधल्या वेळेसाठी पाहा: तांदूळ.'

पदवी मिळाली. मुरबाडला नाही, इथून दोन दिवसांच्या प्रवासावर, दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात नोकरीही मिळाली. तिथले लोक भाताला आणखी काय काय म्हणतात ते बघायला हवं, असं ती म्हणाली. त्याच वेळी मला कळलं की ही तिथेही फार दिवस बसायची नाही.

जायच्या दिवशी सकाळी ती आली. फाटकाशी जीप उभी होती, आत तिची बॅग आणि ताराबाई. ती लेकीला आटगाव स्टेशनपर्यंत सोडायला निघाली होती. सुजाताच्या हातात कापडाची पुरचुंडी होती. "आईने दिलंय, तुम्हाला. यंदाचं." मी गाठ सोडली. मला वाटलं होतं तांदूळ असतील. भात होता, तुसासकट, पिवळाधमक.

"हा भरडून घ्यावा लागेल," मी म्हटलं.

"हो. स्टँडमागच्या गिरणीत काढून देतात."

मी नवा, एकोणतिसावा डबा काढला. भात ओतला. सवयीने पट्टी चिकटवली, पेन घेतलं, आणि हात थांबला. आज काय लिहू? गिरणीतून आणल्यावर काय लिहू? मी पेन तिच्यापुढे केलं. म्हटलं, "तूच लिही. तू डॉक्टर आहेस."

तिने पेन घेतलं. पट्टीकडे बघत उभी राहिली. पहिल्यांदाच मी तिला काही न करता इतका वेळ एका जागी उभी असलेली पाहिली. बाहेर हॉर्न वाजला. जीपमधून ताराबाईचा आवाज आला, "सुजे, गाडी सुटल गो. तिथं जाऊन काय लिवायचं ते लिव."

सुजाताने पेन माझ्या हातात परत दिलं, पाया पडायला वाकली, अर्ध्यावर थांबून त्याऐवजी माझे दोन्ही हात धरले, आणि पळत गेली. जीप सुटली. मी फाटकाची कडी लावत होते. जीप कोपऱ्यावर थांबली, ती उतरली आणि धावत परत आली. एका पायात चप्पल, दुसरी हातात.

फाटकाच्या पलीकडूनच, धापा टाकत म्हणाली, "मॅडम, गिरणीवर नेईपर्यंत काही लिहू नका."

"बरं."

ती वळली. चार पावलं गेली, पुन्हा वळली. "आणि नेलंत तरी घाई नको."

मी अजून नेलेला नाही.